बसवलं, पण चालत नाही! सिम्युलेशन सॉफ्टवेअरविषयी वाचकांचे प्रश्न

हवामान, द्रवांचे प्रवाह, रेणूंची हालचाल यांचं सिम्युलेशन करणारी सॉफ्टवेअर बसवताना येणाऱ्या अडचणींबद्दल पुणे परिसरातून आलेले प्रश्न या वेळी घेतले आहेत. कमांड आणि एरर इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापले आहेत. टर्मिनलवर मात्र रोमन अक्षरं आणि इंग्रजी अंकच टाइप करायचे.

प्रश्न : डब्ल्यूआरएफ हे हवामानाचं मॉडेल लॅपटॉपवर बसवते आहे. लॅपटॉपवर उबुंटू २२.०४ आहे. सीनियरांनी उबुंटू १८.०४ साठी लिहिलेली सूचनांची फाइल जशीच्या तशी पाळली. कम्पाइल बराच वेळ चालतं आणि शेवटी 'प्रॉब्लेम्स बिल्डिंग एक्झिक्युटेबल्स' एवढंच येतं. चार वेळा करून पाहिलं. काय चुकतंय?
— एम.एस्सी. विद्यार्थिनी, गणेशखिंड

उत्तर : शेवटची ओळ सोडून द्या. चार एक्झी फाइली तयार झाल्या नाहीत, एवढंच ती सांगते. का झाल्या नाहीत ते त्याच लॉगमध्ये शेकडो ओळी वर असतं. कम्पाइलचं सगळं आउटपुट 'लॉग.कम्पाइल' या फाइलीत घ्या आणि त्यात 'ग्रेप -एन' वापरून 'एरर' हा शब्द पुढच्या कोलनसकट शोधा. कोलन हवाच, कारण डब्ल्यूआरएफमध्ये 'मॉड्यूल_डब्ल्यूआरएफ_एरर' नावाची फाइलच आहे आणि नुसतं 'एरर' शोधलं तर तिचंच नाव पुन्हा पुन्हा सापडत राहतं. मिळालेल्या यादीतली पहिली नोंद महत्त्वाची. तिच्याखाली 'मॉड्यूल फाइल उघडता येत नाही' अशा डझनभर तक्रारी दिसतील. पहिली फाइल बनली नाही म्हणून तिच्यावर अवलंबून असलेल्या सगळ्या पडल्या, इतकाच त्यांचा अर्थ.

तुमच्या परिस्थितीत ती पहिली नोंद बहुधा 'टाइप मिसमॅच' किंवा 'रँक मिसमॅच' असेल. उबुंटू १८.०४ सोबत जीसीसी हा कम्पायलर ७ या आवृत्तीचा यायचा, २२.०४ सोबत ११ येतो. मधे २०२० साली जीसीसी १० आला आणि त्याने फोरट्रान या भाषेच्या बाबतीत एक जुनी सवलत काढून घेतली. जुन्या कोडमध्ये एकच सबरूटीन एकदा पूर्णांकांचा ॲरे देऊन आणि एकदा दशांश संख्यांचा ॲरे देऊन बोलावलेलं असतं. पूर्वीचा जीफोरट्रान (जीसीसीचा फोरट्रान कम्पायलर) इशारा देऊन पुढे जायचा. दहापासून तो थांबतो. उपाय म्हणजे '-एफअलाउ-आर्ग्युमेंट-मिसमॅच' हा पर्याय फोरट्रानच्या फ्लॅग्जमध्ये घालणं. डब्ल्यूआरएफच्या अलीकडच्या आवृत्त्या कॉन्फिगर करताना कम्पायलरची आवृत्ती बघून तो स्वतःच घालतात, त्यामुळे सीनियरांच्या फाइलीतली जुनी आवृत्ती सोडून नवी घेणं हा सगळ्यांत सरळ मार्ग. जुनं एमपीआयसीएच ३ (अनेक प्रोसेस एकत्र चालवणारी एक एमपीआय लायब्ररी) बांधतानाही हीच अडचण येते. तिथे कॉन्फिगर करण्याआधी 'एफफ्लॅग्ज' आणि 'एफसीफ्लॅग्ज' या दोन्ही व्हेरिएबलमध्ये तोच पर्याय एक्स्पोर्ट करा.

पहिली नोंद 'नेटसीडीएफ.आयएनसी सापडत नाही' अशी असेल, तर गोष्ट वेगळी. नेटसीडीएफ (डेटा फाइली वाचणारी-लिहिणारी लायब्ररी) ४.१.३ पर्यंत सी आणि फोरट्रान हे दोन्ही भाग एकाच पॅकेजमध्ये होते. ४.२ पासून त्यांची वाटणी झाली. डब्ल्यूआरएफ मात्र अजूनही दोन्ही एकाच फोल्डरखाली शोधतं: 'नेटसीडीएफ' या व्हेरिएबलमध्ये दिलेल्या जागेच्या 'इन्क्लूड' आणि 'लिब' मध्ये. उबुंटूच्या एपीटीने बसवलेली लायब्ररी 'लिब' च्या आत आणखी एका उपफोल्डरमध्ये जाते आणि डब्ल्यूआरएफला ती दिसत नाही. म्हणून आधी सी भाग, मग फोरट्रान भाग, दोन्ही सोर्सवरून, '--प्रीफिक्स' ला एकच फोल्डर देऊन बांधा. क्रम उलटा चालत नाही, कारण फोरट्रानचा भाग सी भागाला लिंक होतो.

तिसरी शक्यता 'किल्ड सिग्नल टर्मिनेटेड प्रोग्रॅम एफ९५१' ही. एफ९५१ म्हणजे जीफोरट्रानच्या पोटातला खरा कम्पायलर. रॅम संपली म्हणून लिनक्सने त्याला मारलं, कोडचा दोष नाही. ८ जीबीच्या लॅपटॉपवर ब्राउझर बंद करा आणि '-जे १' देऊन एका वेळी एकच फाइल कम्पाइल होऊ द्या. वेळ जास्त लागेल, पण काम पुरं होईल.

यांपैकी काहीही बदललंत, तरी पुन्हा कम्पाइल करण्याआधी 'क्लीन -ए' चालवलंच पाहिजे. चार प्रयत्नांत तेच उत्तर येण्याचं हेही एक कारण असू शकतं: अर्धवट बनलेल्या जुन्या फाइली तशाच राहतात आणि नव्या प्रयत्नात मिसळतात. 'क्लीन -ए' ने 'कॉन्फिगर.डब्ल्यूआरएफ' ही फाइलही जाते, तेव्हा तिच्यात हाताने केलेले बदल आधी दुसरीकडे उतरवून ठेवा.

पुढे डब्ल्यूपीएस (डब्ल्यूआरएफसाठी इनपुट तयार करणारे प्रोग्रॅम) बसवाल तेव्हा जॅस्पर ही लायब्ररी लागेल. उबुंटूच्या भांडारातून ती १८.०४ च्या आधीच गेली. डब्ल्यूपीएस ४.४ पासून कॉन्फिगरला '--बिल्ड-ग्रिब२-लिब्ज' हा पर्याय दिला की जॅस्पर, पीएनजी आणि झेडलिब तिथल्या तिथे बांधल्या जातात. तोच वापरा. भूपृष्ठाच्या माहितीचा पूर्ण संच उलगडल्यावर सुमारे २९ जीबी होतो. डिस्कवर आधी जागा बघा. कमी रिझोल्यूशनचा छोटा संच मिळतो, पण पुण्यासाठी तो वापरू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. ताम्हिणीचा घाट आणि शिरूरचं पठार यांच्या पावसातला फरक सह्याद्रीच्या उंचीने ठरतो, आणि छोट्या संचात तो कडाच सपाट होऊन जातो.

मॉडेल सुरू होताच 'सेगमेंटेशन फॉल्ट' आला तर आधी त्याच टर्मिनलमध्ये 'यूलिमिट -एस अनलिमिटेड' द्या. स्टॅकची मर्यादा साधारणतः ८ एमबी असते आणि डब्ल्यूआरएफचे ॲरे तिच्यात मावत नाहीत.

प्रश्न : सरांनी ओपनफोम या प्रवाहांच्या सॉफ्टवेअरची एक केस (एका सिम्युलेशनच्या फाइलींचं फोल्डर) दिली. त्यांच्याकडे चालते, माझ्याकडे 'सिंपलफोम' ची जागा दुसऱ्या सॉल्व्हरने घेतल्याचा संदेश येतो आणि नंतर फाइल सापडत नसल्याचा एरर. ओपनफोम ११ आहे, म्हणजे नवंच आहे. विंडोजवर डब्ल्यूएसएलमध्ये (विंडोजच्या आत चालणारं लिनक्स) चालवतो.
— मेकॅनिकलचा विद्यार्थी, आकुर्डी

उत्तर : ओपनफोम नावाची दोन वेगळी घराणी आहेत आणि इन्स्टॉलेशनच्या बहुतेक नोट्स हे पहिल्या पानावर सांगत नाहीत, हे फार वाईट आहे. एक ओपनफोम फाउंडेशनचं. त्याच्या आवृत्त्या १०, ११, १२ अशा. दुसरं डॉट कॉमवालं. त्याच्या आवृत्त्या व्ही२३१२, व्ही२४०६ अशा, म्हणजे वर्ष आणि महिना, दरवर्षी जून आणि डिसेंबरमध्ये. मूळ एकच, पण आता केसच्या फाइली एकमेकांत चालतीलच असं नाही.

सरांच्या केसमधली कोणतीही डिक्शनरी फाइल उघडा. वरच्या चौकटीत 'व्हर्जन' आणि 'वेबसाइट' या ओळी असतात. तिथे व्ही२३१२ सारखं काही असेल, तर केस दुसऱ्या घराण्याची आहे. हाताने लिहिलेल्या केसमध्ये ती चौकट खोटी असू शकते, म्हणून 'कॉन्स्टंट' फोल्डरही पाहा. 'ट्रान्सपोर्टप्रॉपर्टीज' आणि 'टर्ब्युलन्सप्रॉपर्टीज' या फाइली असतील तर डॉट कॉम, किंवा फाउंडेशनची बरीच जुनी आवृत्ती. फाउंडेशनच्या ११ मध्ये त्यांच्या जागी 'फिजिकलप्रॉपर्टीज' आणि 'मोमेंटमट्रान्सपोर्ट' लागतात. शिवाय ११ पासून सिंपलफोम हा स्वतंत्र सॉल्व्हर राहिला नाही. 'फोमरन' ला 'इनकॉम्प्रेसिबलफ्लुइड' हे मॉड्यूल सांगायचं असतं. तुम्हाला आलेला संदेश हेच सांगतो.

केस बदलत बसू नका. सरांकडे जी आवृत्ती आहे तीच बसवा. दोन्ही घराणी एका संगणकावर सुखाने राहतात, एक 'ऑप्ट' मध्ये आणि दुसरं 'यूएसआर/लिब/ओपनफोम' मध्ये. फक्त दोघांच्या 'बॅशआरसी' फाइली तुमच्या होममधल्या '.बॅशआरसी' मध्ये एकाखाली एक सोर्स करायच्या नाहीत. दुसरी पहिलीची व्हेरिएबलं अर्धवट बदलते आणि मग सॉल्व्हर एकाचा, लायब्ररी दुसऱ्याची असा घोळ होतो. 'ओएफ११' आणि 'ओएफ२३१२' असे दोन एलियास करा आणि ज्या टर्मिनलमध्ये जे हवं ते तिथेच चालू करा. चालू कोणतं आहे ते 'एको' ने 'डब्ल्यूएम_प्रोजेक्ट_डायर' छापून कळतं. उबुंटू २२.०४ च्या स्वतःच्या भांडारातूनही एक ओपनफोम येतं, ते १९१२ हे जुनं आहे. नुसतं 'एपीटी इन्स्टॉल ओपनफोम' केलं तर तेच मिळेल.

डब्ल्यूएसएलमध्ये केस 'एमएनटी/सी' खाली, म्हणजे विंडोजच्या डिस्कवर ठेवू नका. ओपनफोम प्रत्येक वेळेच्या पायरीला ढीगभर छोट्या फाइली लिहितं आणि त्या वाटेवर प्रत्येक फाइल रखडते. केस लिनक्सच्या होममध्ये ठेवा.

प्रश्न : लॅम्प्स (रेणूंच्या हालचालीचं सॉफ्टवेअर) चार प्रोसेसवर चालवलं तर वेळ कमी होत नाही आणि स्क्रीनवर प्रत्येक ओळ चार-चारदा येते. संगणकात आठ कोअर आहेत.
— वाचक, हडपसर

उत्तर : चार प्रोसेसचं एक काम चालत नाहीये, एकेकटी चार कामं चालली आहेत. आउटपुटमध्ये '१ बाय १ बाय १ एमपीआय प्रोसेसर ग्रिड' अशी ओळ असेल. चौघं एकत्र आले असते तर तिथे '१ बाय २ बाय २' सारखं काही दिसलं असतं.

सुरू करणारा 'एमपीआयरन' एका एमपीआयचा आणि लॅम्प्स ज्याला लिंक झालं ते एमपीआय दुसरं. कोंडा (पायथनची पॅकेजं बसवणारं साधन) बसवल्यावर हे हमखास होतं, कारण त्याचा एमपीआयरन पाथमध्ये पुढे येऊन बसतो. 'विच एमपीआयरन' ने तो कुठला ते पाहा. मग 'एलडीडी' ला लॅम्प्सच्या फाइलीचा पूर्ण पत्ता द्या. 'लिबएमपीआय.एसओ.४०' दिसलं तर ओपन एमपीआय, 'लिबएमपीआय.एसओ.१२' किंवा 'लिबएमपीआयसीएच' दिसलं तर एमपीआयसीएचचं घराणं. दोन्ही जुळले की झालं: 'कोंडा डीॲक्टिव्हेट' करा किंवा योग्य एमपीआयरनचा पूर्ण पत्ता टाइप करा.

प्रश्न : घरच्या नव्या संगणकावर (उबुंटू २२.०४) बनवलेलं ग्रोमॅक्स (हेही रेणूंच्या हालचालीचं सॉफ्टवेअर) कॉलेजच्या सर्व्हरवर कॉपी केलं. एका सर्व्हरवर 'जीएलआयबीसी_२.३४ नॉट फाउंड' येतं, दुसऱ्यावर 'इलीगल इन्स्ट्रक्शन'. जीएलआयबीसी अपग्रेड करावं का?
— पीएच.डी. विद्यार्थी, कोथरूड

उत्तर : नाही, कृपा करून नाही. सर्व्हरवरची प्रत्येक कमांड, अगदी 'एलएस' सुद्धा, त्याच जीएलआयबीसीवर, म्हणजे लिनक्सच्या पायाभूत सी लायब्ररीवर चालते. ती बदलताना गडबड झाली तर लॉगइनसुद्धा होणार नाही आणि इतरांची कामंही बंद पडतील.

'एलडीडी --व्हर्जन' दिलं की जीएलआयबीसीची आवृत्ती कळते. सेंटओएस ७ वर ती २.१७ आहे, रेड हॅट ८ वर २.२८, रेड हॅट ९ वर २.३४, उबुंटू २२.०४ वर २.३५. जुन्यावर बनवलेला प्रोग्रॅम नव्यावर चालतो, उलट नाही. २.३४ हाच आकडा वारंवार दिसतो, कारण त्या आवृत्तीत प्रोग्रॅमची सुरुवात करून देणारं फंक्शनच नव्याने क्रमांकित झालं. त्यानंतरच्या सिस्टिमवर बनवलेला दोन ओळींचा प्रोग्रॅमही २.३४ मागतो. म्हणून ग्रोमॅक्स सर्व्हरवरच कम्पाइल करा, किंवा ॲपटेनर कंटेनरमध्ये (लायब्रऱ्यांसकट बांधलेल्या गाठोड्यात) न्या. सेंटओएस ७ चा सांभाळ ३० जून २०२४ ला संपला. त्यावरचा कम्पायलर जीसीसी ४.८ आहे आणि आजच्या ग्रोमॅक्सला किमान सी++१७ लागतं, तेव्हा तिथे नवा कम्पायलर मॉड्यूलमधून लोड करावा लागेल. कंटेनर जीएलआयबीसी सोबत नेतो, पण कर्नल आणि एनव्हिडियाचा ड्रायव्हर सर्व्हरचाच राहतो. जीपीयू हवा असेल तर '--एनव्ही' पर्याय द्यावा लागतो.

'इलीगल इन्स्ट्रक्शन' चं कारण प्रोसेसर. सीमेक (कम्पाइलची तयारी करणारं साधन) चालतं त्या संगणकाचा प्रोसेसर पाहून ग्रोमॅक्स सर्वांत वेगवान सूचनासंच निवडतं. घरच्या यंत्रात एव्हीएक्स-५१२ असेल आणि सर्व्हरच्या झिऑन ई५ मध्ये एव्हीएक्स२ पर्यंतच असेल, तर पहिल्याच अनोळखी सूचनेला प्रोसेसर थांबतो. सीमेकला 'जीएमएक्स_सिमड' ची किंमत 'एव्हीएक्स२_२५६' द्या. क्लस्टरवरही हीच चूक होते: लॉगइन नोड नवा, कम्प्युट नोड जुने. स्लर्ममधून (क्लस्टरवर कामं वाटणारी प्रणाली) एक कम्प्युट नोड मागून घ्या आणि तिथेच कम्पाइल करा.

जीपीयूचं एक लगेच सांगतो, कारण पुढे तिथेच अडाल. 'एनव्हिडिया-एसएमआय' च्या वरच्या कोपऱ्यात दिसणारी कूडाची (एनव्हिडियाच्या जीपीयूवर प्रोग्रॅम चालवणारी प्रणाली) आवृत्ती ही बसवलेली आवृत्ती नसते. ड्रायव्हरला जास्तीत जास्त कोणती आवृत्ती झेपेल त्याचा तो आकडा आहे. बसवलेली आवृत्ती 'एनव्हीसीसी --व्हर्जन' सांगतो. लिनक्सवर कूडा १२ ला ड्रायव्हर किमान ५२५.६०.१३ लागतो. आणि प्रयोगशाळेत पास्कल किंवा व्होल्टा पिढीची कार्डं असतील तर कूडा १३ कडे जाऊ नका, त्यात त्यांचा आधार काढून टाकला आहे.

प्रश्न : पायथनमध्ये 'नमपाय १.एक्सने कम्पाइल केलेलं मॉड्यूल २.० मध्ये चालणार नाही' असं येतं.
— वाचक, वाकड

उत्तर : नमपाय (पायथनची गणिती लायब्ररी) २.० जून २०२४ मध्ये आलं आणि त्याचा बायनरी सांधा बदलला. त्या प्रकल्पासाठी वेगळं एन्व्हायर्न्मेंट करून 'नमपाय<२' अशी अट घाला. अट अवतरणचिन्हांत लिहा, नाहीतर शेल '<' चा अर्थ 'फाइलीतून वाच' असा घेतो.

प्रश्न : आमच्या गटाचा फोरट्रान कोड दर वर्षी नवे विद्यार्थी बसवतात आणि दर वर्षी दोन आठवडे जातात. रीडमी (सूचनांची फाइल) आहे. त्यात काय कमी असावं?
— संशोधक, पाषाण

उत्तर : तुमच्या रीडमीत 'जीफोरट्रान, एमपीआय आणि नेटसीडीएफ लागेल' असं काहीसं वाक्य असणार. ते वाक्य दोन आठवडे खातं. कुठल्या आवृत्त्यांवर, कुठल्या तारखेला, कोणत्या सिस्टिमवर खरोखर चालून पाहिलं ते लिहा. आठवणीतून लिहू नका: 'एलएसबी_रिलीज -ए', 'जीफोरट्रान --व्हर्जन', 'एमपीआयएफ९० -शो', 'एनएफ-कॉन्फिग --ऑल', क्लस्टरवर 'मॉड्यूल लिस्ट', आणि गिटचा कमिट क्रमांक, या सगळ्यांचं आउटपुट जसंच्या तसं चिकटवा. यातलं 'एमपीआयएफ९० -शो' कुणीच देत नाही आणि तेच सर्वांत उपयोगी, कारण आवरणामागे नेमका कोणता कम्पायलर बसला आहे ते त्यातून कळतं. इंटेलने बनवलेली मॉड्यूल फाइल जीफोरट्रानला वाचता येत नाही, त्यामुळे कोडच्या खालच्या सगळ्या लायब्रऱ्या एकाच कम्पायलरच्या हव्यात. हे रीडमीत ठळक लिहा.

प्रत्येक पायरीनंतर काय दिसायला हवं तेही लिहा. 'मेक इन्स्टॉल करा' याच्याखाली 'आता लिब फोल्डरमध्ये लिबनेटसीडीएफएफ.एसओ दिसली पाहिजे' अशी एक ओळ आली की चूक तिथल्या तिथे सापडते, तीन तासांनी नाही. माहीत असलेले एरर मूळ शब्दांत, न भाषांतरता, उपायासकट शेवटी द्या. विद्यार्थी तीच ओळ कॉपी करून शोधतो.

मग एक छोटी चाचणी केस हवी, पाच मिनिटांत संपणारी, अपेक्षित उत्तरासह. उत्तर शेवटच्या अंकापर्यंत जुळायला हवं असं लिहू नका. संगणकावर बेरजेचा क्रम बदलला की उत्तर बदलतं. दुहेरी अचूकतेत १०चा १६वा घात अधिक १, त्यातून पुन्हा तोच घात वजा केला तर शून्य येतं. आधी वजाबाकी करून मग १ मिळवला तर १ येतो. चारऐवजी आठ प्रोसेस केल्या की बेरजेचा क्रम असाच बदलतो. म्हणून 'शंभर पायऱ्यांनंतरची एकूण ऊर्जा इतकी, सापेक्ष फरक दहालाखात एकापर्यंत चालेल' असं मर्यादेसह लिहा. ती मर्यादा तुमच्या कोडचं गणित पाहून ठरवा, पण ठरवाच.

रीडमी झाली की गटातल्या ज्याने हा कोड कधीच बसवला नाही त्याच्यासमोर कोरं व्हर्च्युअल मशीन ठेवा आणि शेजारी बसून गप्प राहा. तो जिथे प्रश्न विचारेल तिथे रीडमीत ओळ कमी आहे.

प्रश्न : फोल्डरला 'माझे काम' असं मराठी नाव दिलं तर सॉफ्टवेअरला अडचण येते का? आणि व्हॉट्सॲपवर आलेल्या कमांड कॉपी केल्या की का चालत नाहीत?
— वाचक, चिंचवड

उत्तर : पहिली अडचण मराठीची नाही, मधल्या जागेची आहे. मेक आणि बऱ्याच शेल स्क्रिप्ट जागा आली की नाव तिथेच तोडतात आणि 'माझे' नावाचा फोल्डर शोधू लागतात. दुसरी अडचण लांबीची. यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं साठवण्याची पद्धत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, काना-मात्राही वेगळ्या मोजल्या जातात. 'माझे' चे बारा बाइट, 'काम' चे नऊ, जागेचा एक, असे बावीस. जुन्या फोरट्रान कोडमध्ये पत्त्यासाठी ८० किंवा २५६ बाइटांचं बांधीव व्हेरिएबल असतं. त्यात न मावलेलं टोक गुपचूप कापलं जातं आणि 'फाइल नाही' एवढाच एरर येतो. फोल्डरचं नाव रोमनमध्ये, छोटं आणि जागेशिवाय ठेवा. इनपुट फाइलीतले आकडेही इंग्रजी हवेत, फोरट्रान '१२' ला संख्या मानत नाही.

व्हॉट्सॲप किंवा वर्डमधून गेलेल्या कमांडमध्ये दोन जोडरेघांची एक लांब रेघ होते आणि सरळ अवतरणचिन्हं वाकडी होतात. डोळ्यांना फरक जेमतेम दिसतो, शेलला ते वेगळंच अक्षर असतं. 'कॅट -ए' ने (इथे ए कॅपिटल) फाइल पाहिलीत तर अशा ठिकाणी 'एम-' ने सुरू होणारी विचित्र अक्षरं दिसतील. ओळीच्या शेवटी '^एम' दिसलं तर फाइल विंडोजवर सेव्ह झाली आहे, 'डॉस२युनिक्स' चालवा. कमांड पाठवायच्याच असतील तर साध्या टेक्स्ट फाइलीत टाकून ती फाइल जोडून पाठवा.